आधी ४३ टक्के, मग ६१, मग १८: नव्या पीसीवर ऑपरेटिंग सिस्टीम चढत नाही तेव्हा

मित्रासाठी जोडलेला पीसी होता. पंखे फिरले, डिस्प्ले आला, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणारा मदरबोर्डचा सेटिंगचा प्रोग्रॅम) सगळं जागच्या जागी दिसलं. आता अर्ध्या तासात विंडोज टाकून मोकळं व्हायचं, असा हिशोब होता. ४३ टक्क्यांवर एरर आली. पुन्हा सुरू केलं, तर ६१ वर अडलं. तिसऱ्या वेळी १८ वर. मी आयएसओ, म्हणजे इन्स्टॉलेशनची फाइल, दोनदा डाउनलोड केली, तीन पेनड्राइव्ह बदलले, एसएसडी काढून परत बसवली. मध्यरात्रीनंतर कुठे लक्षात आलं की ज्याकडे मी बघतच नव्हतो ते आकडेच खरं काय ते सांगत होते. फाइल खराब असती तर इन्स्टॉलेशन साधारण एकाच ठिकाणी अडलं असतं. दरवेळी जागा बदलते, म्हणजे फाइल बहुधा ठीक आहे आणि ती उलगडणारं यंत्र चुकतंय. दोष रॅममध्ये निघाला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा माझा चार तासांचा कारभार.

असं का होतं ते आधी समजून घेऊ, म्हणजे पुढच्या पायऱ्या पाठ कराव्या लागणार नाहीत. इन्स्टॉलरमध्ये कित्येक जीबींची दाबून बसवलेली एक फाइल असते. ती पेनड्राइव्हवरून रॅममध्ये येते, प्रोसेसर ती उलगडतो, नीट उलगडली का हे तपासतो आणि मग एसएसडीवर लिहितो. मधे एक बिट जरी उलटा झाला तरी तपासणी फसते आणि काम थांबतं. बायोसच्या स्क्रीनला रॅमचा अगदी थोडा भाग पुरतो, म्हणून तिथे सगळं आलबेल दिसतं. नव्या मशीनने केलेलं पहिलं लांबलचक, जड काम म्हणजे इन्स्टॉलेशन. त्यामुळे ते फसलं की शंका सॉफ्टवेअरइतकीच जोडणीवरही घ्यायची.

काही बदलण्याआधी लिहून ठेवा

स्क्रीनचा फोटो काढा. एरर कोड, टक्केवारी आणि अडलं तो टप्पा, या तीन गोष्टी कागदावर घ्या. टप्पे ढोबळ मानाने असे: पेनड्राइव्हवरून सुरूच होत नाही, सुरू होतं पण डिस्क दिसत नाही, डिस्क दिसते पण तिच्यावर टाकू देत नाही, फाइल कॉपी होताना अडतं, पहिल्या रीस्टार्टनंतर अडतं. प्रत्येक टप्प्याची कारणं वेगळी आहेत.

नियम एकच, आणि तो मोडायचा मोह प्रत्येकाला होतो: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पेनड्राइव्ह, पोर्ट आणि बायोसची सेटिंग अशा तिन्ही गोष्टी एकदम बदलल्या आणि काम झालं, तर का झालं ते कळत नाही. महिन्याभराने तेच दुखणं परत आलं की तुम्ही पुन्हा शून्यावर.

बायोसमध्ये दहा मिनिटं

पीसी सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबत राहिलं की बायोस उघडतं. डीडीआर५ रॅम असेल तर पहिल्या वेळी स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. मदरबोर्ड रॅमशी आपला ताळमेळ बसवत असतो, त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. घाबरून मधेच पॉवर बंद केली की ते सगळं पहिल्यापासून सुरू होतं. बऱ्याच बोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट असे चार छोटे दिवे असतात. जो पेटलेलाच राहतो, तिथे अडकलंय. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल (इंटेलच्या नावामागे एफ असलेले प्रोसेसर तसे असतात), तर मॉनिटरची केबल मदरबोर्डला नाही, ग्राफिक्स कार्डला लावायची. हे वाचून हसू येईल, पण मी स्वतः हे दोनदा केलंय.

आत गेल्यावर हे बघा:

१. रॅम पूर्ण दिसते का. १६ जीबीच्या दोन पट्ट्या असतील तर ३२ दिसायला हवी. १६ दिसत असेल तर एक पट्टी नीट बसलेली नाही.

२. एसएसडीचं नाव स्टोरेजच्या यादीत आहे का.

३. प्रोसेसरचं तापमान. नुसतं बायोसमध्ये बसलेलं असताना ३५ ते ५५ अंशांच्या आसपास चालतं. आकडा बघता बघता ९० कडे जात असेल तर बंद करा आणि कूलर काढून बघा. कूलरच्या तळावरची प्लॅस्टिकची पातळ फिल्म तशीच राहिलेली असते.

४. तारीख आणि वेळ. चुकीची असेल तर नंतर इंटरनेटवरच्या सुरक्षित जोडण्या नाकारल्या जातात. दरवेळी चुकत असेल तर सीआर२०३२ बॅटरी बदला.

५. एक्सएमपी किंवा एक्स्पो बंद. रॅमच्या खोक्यावर ६००० लिहिलेलं असतं ते हे प्रोफाइल चालू केल्यावर मिळतं, आणि ते एक प्रकारचं ओव्हरक्लॉकिंगच (मूळ वेगापेक्षा जास्त पळवणं) आहे. इन्स्टॉलेशन होईपर्यंत रॅम तिच्या मूळ वेगाने चालू द्या. वेग नंतर वाढवता येतो.

या सेटिंगांत कोणी आधी हात घातला असेल तर सरळ ‘लोड डिफॉल्ट्स’ करा. तेही जमत नसेल तर वीज काढून, बॅटरी काही मिनिटं बाहेर ठेवून सीमॉस (बायोसच्या सेटिंगांची साठवण) साफ करा.

पेनड्राइव्ह: संशयित क्रमांक एक, पण कायम दोषी नाही

आयएसओ अधिकृत ठिकाणाहूनच घ्या आणि तिचा हॅश जुळवा. विंडोजच्या आणि बहुतेक लिनक्सच्या डाउनलोड पानांवर शा-२५६ नावाची अक्षर-अंकांची लांब माळ दिलेली असते. विंडोजवर सर्टयूटिल आणि लिनक्सवर शा२५६सम या कमांडने आपल्या फाइलची माळ काढता येते. एक अक्षर जरी वेगळं आलं तरी ती फाइल टाकून द्या. या कामाला दोन मिनिटंही लागत नाहीत, आणि अर्धी शंका फिटते.

दुसरी भानगड फॅट३२ ची, म्हणजे पेनड्राइव्हवर फाइल ठेवायच्या एका जुन्या पद्धतीची. यूईएफआय (आजच्या मशीनवरच्या नव्या पद्धतीच्या) बायोसला पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये लागतो. पण फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी एकही फाइल बसत नाही, आणि विंडोजच्या आयएसओमधली मुख्य फाइल अनेकदा त्याहून मोठी असते. म्हणून आयएसओ उघडून फाइल हाताने कॉपी करण्याचा उद्योग हमखास फसतो. मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल ही फाइल जास्त दाबून छोटी करतं. रुफस नावाचा प्रोग्रॅम पेनड्राइव्ह एनटीएफएसमध्ये (मोठ्या फाइल मावणारी विंडोजची पद्धत) बनवतो आणि सुरू होण्यापुरता एक छोटा वेगळा भाग जोडतो. दोन्ही मार्ग चालतात. रुफसमध्ये पार्टिशन स्कीम जीपीटी (डिस्कचे भाग नोंदवायची नवी पद्धत) आणि टार्गेट यूईएफआय ठेवा. पेनड्राइव्ह जुना असेल तर रुफसमधलाच खराब ब्लॉक तपासायचा पर्यायही निवडा. वेळ लागतो, पण बनावट क्षमतेचे पेनड्राइव्ह तिथेच उघडे पडतात.

पेनड्राइव्ह मागच्या बाजूला, थेट मदरबोर्डच्या पोर्टमध्ये लावा. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टपर्यंत आतून केबल जाते, आणि तीच सैल असू शकते. बूट मेनूत एकाच पेनड्राइव्हची दोन नावं दिसली तर ज्याच्या आधी यूईएफआय लिहिलंय तेच निवडा. का, ते पुढे येईलच.

‘तुमच्या संगणकाला लागणारा मीडिया ड्रायव्हर सापडत नाही’ असा संदेश आला तर लोक ड्रायव्हर शोधत फिरतात. बऱ्याचदा ड्रायव्हरचा काहीच संबंध नसतो, पेनड्राइव्ह नीट वाचता येत नसतो. आधी पोर्ट बदला, मग पेनड्राइव्ह नव्याने बनवा.

कॉपी होताना अडलं तर रॅमकडे वळा

काही कोड ओळखीचे होऊन जातात. ०एक्स८००७०५७० म्हणजे फाइल खराब आहे किंवा वाचता येत नाही. ०एक्स८००७०२५डी म्हणजे मिळालेल्या डेटाची रचना बिघडलेली आहे. ०एक्स८००७००१७ म्हणजे डेटाची तपासणी चुकली. तिन्हींचा मथितार्थ एकच: जे वाचलं ते जसं असायला हवं तसं नाही. आता बिघाड पेनड्राइव्हवर झाला, रॅममध्ये झाला की प्रोसेसरमध्ये, हे कोड सांगत नाही. ते टक्केवारी सांगते. दोन-तीनदा करून बघा. प्रत्येक वेळी त्याच आकड्याला अडत असेल तर फाइल किंवा पेनड्राइव्ह. आकडा भटकत असेल, मधेच निळी स्क्रीन येत असेल, किंवा दरवेळी नवाच कोड दिसत असेल तर रॅम. हा काही शंभर टक्के नियम नाही, पण सुरुवात कुठून करायची ते ठरवायला पुरेसा आहे.

रॅमची तपासणी अशी करा:

पीसी बंद करा, वीज काढा, सगळ्या पट्ट्या काढा. एकच पट्टी प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवा. चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर त्याला ए२ म्हणतात. दोन पट्ट्या असतील तर दुसरी चौथ्या स्लॉटमध्ये, म्हणजे बी२ मध्ये जाते. शेजारी-शेजारी बसवणं ही नव्याने पीसी जोडणाऱ्यांची नेहमीची चूक. पट्टी दाबताना दोन्ही टोकांना जोर द्या. काही बोर्डांवर खटका एकाच बाजूला असतो, तो लागला की काम झालं असं वाटतं आणि दुसरं टोक अर्धा मिलिमीटर वर राहतं. त्या टोकाकडे डोळा स्लॉटच्या पातळीवर आणून बघा. सोनेरी पट्टा दिसत असेल तर पट्टी अजून बसलेली नाही.

एका पट्टीवर इन्स्टॉलेशन करून बघा. झालं, तर ती काढून दुसरी त्याच स्लॉटमध्ये लावा आणि मेमटेस्ट८६+ चालवा. हा छोटा, फुकट प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून थेट सुरू होतो. सहाव्या आवृत्तीपासून तो यूईएफआयवर चालतो. सुरू होत नसेल तर बायोसमधलं सिक्युअर बूट (फक्त सही असलेले प्रोग्रॅम सुरू होऊ देणारी सेटिंग) तेवढ्यापुरतं बंद करा. रात्री लावून झोपा. सकाळी चुकांचा आकडा शून्य हवा. ‘दोनच चुका आहेत, चालेल’ हा प्रकार नाही. एक चूकसुद्धा पट्टी परत करायला पुरेशी आहे. चुका आल्या तर तीच पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून पुन्हा बघा. चुका पट्टीबरोबर जात असतील तर दोष पट्टीचा. स्लॉटलाच चिकटून राहत असतील तर मदरबोर्डचा, किंवा प्रोसेसरच्या सॉकेटमध्ये वाकलेल्या पिनचा. खूप घट्ट आवळलेल्या कूलरमुळेही एखादा मेमरी चॅनल गायब झालेला मी पाहिलाय.

माझ्या मित्राच्या पीसीत दोन पट्ट्या सारख्याच नावाच्या होत्या, पण वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या. एकेकटी लावली की दोन्ही निर्दोष. एकत्र लावल्या की तासाभरात चुकांची लाल रांग. नाव तेच असलं तरी आतल्या चिप वेगळ्या असू शकतात, म्हणून जोडी एकाच पाकिटातली घ्यावी. चार पट्ट्या लावल्या की डीडीआर५ चा वेग आणखी खाली आणावा लागतो, हेही लक्षात असू द्या.

डीडीआर५ मध्ये चुका दुरुस्त करायची सोय आतच असते, त्यामुळे ती बिघडत नाही, असं कोणी सांगितलं तर अर्धंच खरं माना. ती सोय चिपच्या आतल्या चुकांपुरती आहे. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेत जे बिघडतं त्याला तिचा उपयोग नाही.

रॅम शुद्ध निघाली आणि तरी फाइल उलगडताना अडत असेल, तर प्रोसेसरवर शंका घ्या. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतल्या डेस्कटॉप प्रोसेसरांत जास्त व्होल्टेजमुळे अस्थिरता येत असल्याचं इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं आणि मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या) दुरुस्त्या बायोस अपडेटमधून दिल्या. दाबलेल्या फाइल उलगडताना चुका होणं हे त्याचं एक ठरलेलं लक्षण. असा प्रोसेसर असेल तर आधी बायोस ताजं करा. मात्र आधीच झिजलेला प्रोसेसर अपडेटने बरा होत नाही, तो वॉरंटीतच बदलून घ्यावा लागतो. आणि प्रोसेसर नवा, मदरबोर्ड जुन्या साठ्यातला अशी जोडी असेल तर बायोस अपडेटवाचून डिस्प्लेच न येण्याची शक्यता असते. त्यासाठी बोर्डामागे बायोस फ्लॅशबॅकचं बटण आहे का ते बघा. प्रोसेसर चालत नसतानाही त्याने अपडेट करता येतं.

डिस्क यादीतच नाही

बायोसमध्येही दिसत नसेल तर गोष्ट हार्डवेअरची आहे. एम.२ एसएसडी तिरकी घालून, शेवटपर्यंत सरकवून, मग आडवी करून स्क्रू लावायची असते. दिसायला सारख्या असल्या तरी एम.२ मध्ये साटा आणि एनव्हीएमई असे दोन वेगळे प्रकार आहेत. फक्त एनव्हीएमई घेणाऱ्या स्लॉटमध्ये साटाची एसएसडी बसते, पण दिसत नाही. अनेक बोर्डांवर एखादा एम.२ स्लॉट भरला की काही साटा पोर्ट आपोआप बंद पडतात. मदरबोर्डच्या पुस्तिकेत याचा तक्ता असतो. पुस्तिका उघडायचा हा एकच प्रसंग येतो, पण येतो.

बायोसमध्ये दिसते आणि विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये दिसत नाही, तर इंटेलच्या ११व्या पिढीपासून पुढच्या मशीनवर पहिलं नाव व्हीएमडीचं घ्यायचं. ही सेटिंग चालू असली की एसएसडी एका वेगळ्या नियंत्रकाच्या आड जाते आणि इन्स्टॉलरकडे त्याचा ड्रायव्हर नसू शकतो. मार्ग दोन. बायोसमध्ये व्हीएमडी बंद करा. रेड (अनेक डिस्क एकत्र जोडणं) लावायचं नसेल तर तिची गरजही नाही. किंवा इंटेलचा रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर दुसऱ्या पीसीवर एक्स्ट्रॅक्ट करून पेनड्राइव्हवर टाका आणि ‘लोड ड्रायव्हर’मधून तो फोल्डर दाखवा. नुसती सेटअपची फाइल टाकून उपयोग नाही, आतल्या आयएनएफ फाइल लागतात. एकदा विंडोज टाकून झाल्यावर मात्र ही सेटिंग सहज म्हणून बदलू नका, नाहीतर बूट होताना निळी स्क्रीन स्वागताला उभी.

डिस्क दिसते, पण घेत नाही

‘या डिस्कवर विंडोज टाकता येत नाही’ हा संदेश जुनी डिस्क नव्या मशीनला लावली की येतो. यूईएफआय पद्धतीने सुरू केलेल्या इन्स्टॉलरला जीपीटी डिस्क लागते, जुन्या लेगसी पद्धतीने सुरू केलेल्याला एमबीआर, म्हणजे भाग नोंदवायची जुनी पद्धत. बूट मेनूत यूईएफआयचं नाव निवडायला सांगितलं ते यासाठी. डिस्क एमबीआर असेल तर ती साफ करावी लागेल, आणि साफ म्हणजे त्यावरचं सगळं गेलं. आधी डेटा दुसरीकडे घ्या.

मग इन्स्टॉलरमध्येच शिफ्ट + एफ१० दाबा. काळी खिडकी उघडेल. त्यात या कमांड एकामागून एक, अर्थात इंग्रजी अक्षरांत: डिस्कपार्ट, लिस्ट डिस्क, सिलेक्ट डिस्क आणि पुढे आकडा, क्लीन, कन्व्हर्ट जीपीटी. आकडा टाकण्याआधी डिस्कचा आकार दोनदा वाचा. क्लीन कमांड ‘नक्की ना?’ असं विचारत नाही. नंतर खिडकी बंद करून यादी रीफ्रेश करा, मोकळी जागा निवडा आणि पुढे जा. पार्टिशन हाताने पाडायची गरज नाही.

०एक्स८०३०००२४ आला, किंवा नवं पार्टिशन बनवता आलं नाही असं म्हणाला, तर बाकीच्या सगळ्या डिस्क काढून फक्त एक ठेवा. खरंतर दोन डिस्क असतील तर हे नेहमीच करावं. नाहीतर विंडोज एका डिस्कवर आणि त्याचा बूटलोडर (विंडोज सुरू करणारा भाग) दुसऱ्या डिस्कवर जाऊन बसतो. वर्षभराने ती दुसरी डिस्क काढली की पीसी उठतच नाही.

‘हा पीसी विंडोज ११ चालवू शकत नाही’ याचं उत्तर नव्या मशीनवर बहुतेक बायोसमध्येच असतं: टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी सोय; इंटेलवर पीटीटी, एएमडीवर एफटीपीएम) चालू करा, सीएसएम (जुन्या लेगसी बूटची सोय) बंद, सिक्युअर बूट चालू. अट टाळायच्या युक्त्या जुन्या मशीनसाठी ठेवा.

रीस्टार्टनंतरची फसवणूक

कॉपी झालं, पीसी रीस्टार्ट झाला आणि पुन्हा पहिलीच भाषा निवडायची स्क्रीन आली. काही बिघडलेलं नाही, पीसी परत पेनड्राइव्हवरून सुरू झालाय. पेनड्राइव्ह काढा आणि बूटच्या क्रमात ‘विंडोज बूट मॅनेजर’ पहिला ठेवा.

पुढे नेटवर्कच्या स्क्रीनवर वाय-फाय दिसत नाही आणि ‘पुढे’चं बटण फिकट, हा नव्या बोर्डांवरचा हमखास अडथळा. लॅन आणि वाय-फायच्या चिप इन्स्टॉलरपेक्षा नव्या असतात. अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. ड्रायव्हर नंतर उतरवा.

लिनक्सवाल्यांची अडचण जरा वेगळी. मेनूनंतर स्क्रीन काळी झाली तर ग्राफिक्सचा दोष समजा. उबंटूच्या मेनूत सेफ ग्राफिक्सचा पर्याय असतो. इतरत्र कर्नल (लिनक्सचा गाभा) सुरू करणाऱ्या ओळीत नोमोडसेट जोडा. हार्डवेअर अगदी नवं असेल तर दोन वर्षांपूर्वीची आवृत्ती टाकण्याचा हट्ट सोडा, ताजी आवृत्ती घ्या. लिनक्सचा एक फायदा विंडोज टाकणाऱ्यांनीही उचलावा: न टाकता पेनड्राइव्हवरूनच चालवता येतं. विंडोज अडलं की मी लाइव्ह लिनक्स लावतो आणि डीमेसेज (dmesg) कमांडचा मजकूर वाचतो. एसएसडीच्या नावापुढे वाचन-लेखनाच्या चुका दिसल्या की गुन्हेगार सापडला. लाइव्ह लिनक्सही अडखळत असेल तर विंडोजला दोष देण्यात अर्थ नाही.

विंडोजचीही रोजनिशी असते. शिफ्ट + एफ१० दाबून नोटपॅड टाइप केलं की नोटपॅड उघडतं. त्यातून एक्स ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरमधलं पँथर फोल्डर शोधा आणि सेटअपएरर नावाची लॉग फाइल उघडा (नाव तिथे थोडं आखूड करून लिहिलेलं असतं). फाइल कॉपी व्हायला लागल्यानंतर अडलं असेल तर तेच फोल्डर डिस्कवरच्या, नावाच्या शेवटी बीटी असलेल्या लपलेल्या फोल्डरात सापडतं. शेवटच्या दहा-वीस ओळी वाचा. स्क्रीनवर मोघम वाक्य असतं, तिथे कोणत्या फाइलवर हात थांबला ते लिहिलेलं असतं.

सगळं चढलं की एक काम उरतं. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू करा आणि मेमटेस्ट पुन्हा रात्रभर लावा, कारण आधीची शुद्ध तपासणी कमी वेगाची होती. मित्राच्या पीसीत जोडी बदलून आणली, पूर्ण वेगावर सकाळपर्यंत शून्य चुका आल्या, आणि मगच मी कॅबिनेटचं झाकण लावलं.